पटावरची मुलं, वर्गातली मुलं : केनिया, बांगलादेश आणि आपलं खानदेश

आप्पा_शिरपूर (धागाकर्ता)

पुतणी धुळ्याला बी.एड. करते. तिला प्रकल्पासाठी विषय मिळाला : कोणत्याही दोन विकसनशील देशांतल्या प्राथमिक पटनोंदणीची तुलना. तिनं केनिया आणि बांगलादेश घेतले. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होतो, पुढे केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, म्हणून ती कागद घेऊन माझ्याकडे आली आणि मग मीच त्यात गुंतलो. वाचताना डोळ्यांसमोर सारखा आपला नंदुरबारमधला अक्राणी-अक्कलकुव्याचा भाग येत होता, म्हणून हा धागा.

आधी केनिया. डिसेंबर २००२ मध्ये तिथे निवडणूक झाली, म्वाई किबाकी अध्यक्ष झाले आणि जानेवारी २००३ पासून सरकारी प्राथमिक शाळांची फी रद्द झाली. पट एका वर्षात ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेला. म्हणजे ही १३ लाख मुलं तोवर केवळ फीसाठी घरी होती, असंच म्हणावं लागतं. सरकार दर मुलामागे वर्षाला १०२० शिलिंग शाळेला देऊ लागलं, पण खोल्या तेवढ्याच आणि शिक्षकही तेवढेच. एकेका वर्गात इतकी मुलं झाली की ज्यांना परवडत होतं त्यांनी आपली मुलं काढून खासगी शाळेत घातली. तिथे हे पहिल्यांदा झालं असंही नाही. १९७४ मध्ये पहिली ते चौथीची फी माफ झाली तेव्हाही असाच लोंढा आला होता. मग शाळांनी इमारत निधी म्हणून पैसे मागायला सुरुवात केली आणि गरिबांची मुलं गळत गेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारनं कर्जाच्या अटींखाली खर्चाचा वाटा पुन्हा पालकांवर टाकला. म्हणून २००३ चा निर्णय लोकांना एवढा मोठा वाटला.

बांगलादेशनं दुसरीच वाट धरली. १९७३ मध्येच ३६ हजारांवर प्राथमिक शाळा सरकारनं ताब्यात घेतल्या. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९९० चा, तो देशभर लागू झाला १९९३ मध्ये. त्याच वर्षी 'शिक्षणासाठी अन्न' योजना आली. गरीब घरातल्या मुलाची हजेरी ८५ टक्के भरली की घराला महिन्याकाठी १५ किलो गहू किंवा १२ किलो तांदूळ. वाटपात गळती फार होती, म्हणून २००२ मध्ये धान्य बंद करून रोख रक्कम सुरू केली : एका मुलाला महिना १०० टाका, घरातली जास्त मुलं शाळेत असतील तर १२५. पुढे हे पैसे थेट आईच्या मोबाइलवर जाऊ लागले.

मला यातून जे दिसलं ते असं. फी माफ केली की दाराशी थांबलेली मुलं आत येतात. पण ज्या घरात मुलाच्या हाताला काम आहे तिथे फी शून्य झाली तरी मूल फुकटात येत नाही, त्याची मजुरी बुडते. बांगलादेशनं ती मजुरी थोडी तरी भरून द्यायचा विचार केला. आपल्याकडे याबाबतीत काय झालं आणि काय राहिलं, यावर इथल्या शिक्षकांनी लिहावं.

केळीबाग_रावेर

आप्पा, माहिती चांगली दिलीत. पण तुलना नेमकी कशासाठी? 'असर' या घरोघरच्या शैक्षणिक पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ६ ते १४ वयोगटातली ९८ टक्क्यांवर मुलं शाळेत दाखल आहेत. शिक्षण हक्क कायदा २०१० पासून लागू आहे. पटनोंदणीचा प्रश्न आपण सोडवला, आता दर्जाचा राहिला, असं माझं मत. केनियाकडून आपण काय घ्यायचं?

अनघा_धुळे

केळीबाग दादा, आकडा ९८ असो की १०२, तो कसा निघाला हे आधी बघायला हवं. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

पटनोंदणीची दोन प्रमाणं असतात. सकल प्रमाणात प्राथमिक वर्गांत बसलेली सगळी मुलं मोजतात, वय कितीही असो, आणि त्याला त्या वयोगटातल्या एकूण मुलांनी भागतात. निव्वळ प्रमाणात फक्त त्या वयाची मुलं धरतात. केनियात फी रद्द झाल्यावर सकल प्रमाण सुमारे ८८ वरून १०२ च्या पुढे गेलं. त्याच वर्षी निव्वळ प्रमाण मात्र सुमारे ७७ वरून जेमतेम ८० झालं. म्हणजे आत आलेल्यांत मोठा भाग वय उलटून गेलेल्या मुलांचा होता. बारा वर्षांचा मुलगा पहिलीत. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे किमानी मारुगे. २००४ मध्ये एल्डोरेटजवळच्या एका शाळेत ते ८४ व्या वर्षी पहिलीत बसले. सकल प्रमाण काढताना तेही मोजले जाणार. मला हे वाचून फार भरून आलं होतं, माणसाला शिकायचं होतं आणि आयुष्यभर कुणी दार उघडलं नव्हतं. पण हिशेबाला बसलं की हे वेगळं काढावंच लागतं.

दुसरी अडचण 'प्राथमिक' कुठवर, याची. बांगलादेशात पाच इयत्ता, ६ ते १० वर्षं. केनियात तेव्हा आठ इयत्ता, ६ ते १३ वर्षं. युनेस्को स्वतःच्या वर्गीकरणानं केनियाची पहिली सहाच वर्षं प्राथमिक धरते, म्हणून नैरोबीचा आकडा आणि युनेस्कोचा आकडा जुळत नाही. आप्पा, पुतणीला सांगा, दोन देशांचे आकडे एका तक्त्यात मांडण्याआधी प्रत्येकाखाली वयोगट लिहायचा. परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. २००५ मध्ये बांगलादेशचं निव्वळ प्रमाण सरकारी आकडेवारीनुसार ८७ टक्के होतं. कुणीही म्हणेल, छान. पण त्याच वर्षीचं गळतीचं प्रमाण ४७ टक्के! पहिलीत आलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी पाचवी पूर्ण न करताच जात होती. २०१५ मध्ये निव्वळ प्रमाण ९८ च्या जवळ आलं आणि गळती २० वर उतरली. पटनोंदणी दहा वर्षांत ११ अंकांनी वाढली, गळती मात्र निम्म्याहून खाली आली. बांगलादेशचं खरं यश या दुसऱ्या आकड्यात आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते.

भूषण_अमळनेर

अनघाताईंशी सहमत. आमच्या आजीची एका वाक्यातली तक्रार : "पोरे वहीमा शेतस, शाळामा नही."

सातपुडा_गुरुजी

धडगाव (म्हणजेच अक्राणी) तालुक्यात शिकवतो. केळीबाग भाऊंच्या ९८ टक्क्यांबद्दल लिहितो.

आपल्याकडे शाळेची माहिती भरताना संदर्भ तारीख असते ३० सप्टेंबर. त्या दिवशी पटावर जी मुलं, तीच संचमान्यतेला (शिक्षकांची पदं ठरवायला), तीच राज्याच्या आणि देशाच्या आकड्यात. आमच्या पाड्यांवरचं स्थलांतर सुरू होतं दसरा-दिवाळीच्या आसपास. ऊसतोडीला बारडोली, मढी, गणदेवीकडे, काही लोक सौराष्ट्रात शेतावर. टोळीचा मुकादम उचल देऊन गेलेला असतो, त्यामुळे जाणं टळत नाही. मोठी मुलगी सोबत जाते कारण पडावावर, म्हणजे तोडीच्या तळावर, धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं. परत येणं होळीला, काही थेट एप्रिल-मेमध्ये. आता तुम्हीच बघा, ३० सप्टेंबरला ही सगळी मुलं वर्गात असतात. मीच हजेरी घेतो, खोटं काही नाही. आकडा खरा आहे, पण तो वर्षातल्या चांगल्या दिवसाचा आहे.

यात पटपडताळणीचा गोंधळ मिसळू नका, ती वेगळी गोष्ट. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर एकाच वेळी मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी झाली, कारण काही शाळांत न शिकणाऱ्या मुलांच्या नावावर तुकड्या आणि अनुदान चाललं होतं. तो लबाडीचा मामला होता आणि ती मोजणी व्हायलाच हवी होती. माझी मुलं लबाडीची नाहीत. ती सप्टेंबरात आहेत आणि जानेवारीत नाहीत, एवढंच. ४ जुलै २०१५ ला एका दिवसात राज्यातल्या शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं. जुलैत आमचा गाव भरलेला असतो. त्या दिवशी स्थलांतरित मूल सापडणार कुठून?

मीनल_नैरोबी

माहेर जळगाव, नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं नैरोबीत आहे. धागा वाचून राहवलं नाही.

गुरुजींनी लिहिलं तसंच चित्र इथल्या उत्तरेकडे आहे. तुर्काना, मंडेरा, वजीर, गारिसा हे कोरडे जिल्हे, लोक उंट-शेळ्या घेऊन पाण्यामागे फिरणारे. देशाचं प्रमाण शंभरी ओलांडत होतं तेव्हाही या पट्ट्यात बहुतेक मुली शाळेबाहेर होत्या. आमच्या सोसायटीचा राखणदार तुर्कानाचा. तो सांगतो, घरातल्या भावंडांतून एक-दोघांना शाळेत धाडायचं आणि बाकीच्यांनी गुरं राखायची, अशी वाटणी असते. हा शिक्षणाला विरोध नाही, घर चालवायचा हिशेब आहे. दुष्काळ पडला की शाळेत गेलेलाही परत बोलावला जातो.

तिथे दोन गोष्टींनी फरक पडला. एक, शाळेतलं जेवण. जागतिक अन्न कार्यक्रमानं १९८० पासून इथे शालेय आहार चालवला, मुख्यतः या कोरड्या भागात. तिकडचे शिक्षक सांगतात की मका-घेवड्याचा साठा संपला की त्या आठवड्यात वर्ग रिकामे दिसतात. दुसरी, फिरत्या शाळा : शिक्षक कळपासोबत हलतो, सकाळी गुरं निघण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर शिकवतो. सगळीकडे जमलं नाही, शिक्षक टिकत नाहीत. पण शाळेनं मुलाच्या मागे जायचं, हा विचार सरकारनं तरी मान्य केला.

आणि किबेरासारख्या झोपडपट्टीत उलट होतं. तिथे पत्र्याच्या खोल्यांत चालणाऱ्या, नोंदणी नसलेल्या शाळांत हजारो मुलं शिकतात. ती प्रत्यक्ष शाळेत असतात आणि सरकारी पटाच्या आकड्यात नसतात. त्यामुळे केनियाचा आकडा काही ठिकाणी फुगलेला आणि काही ठिकाणी खरोखर कमी लिहिलेला, दोन्ही आहे.

केळीबाग_रावेर

मीनलताई, गुरुजी, तुमचे दोन्ही प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. माझ्याच शिवारातला एक प्रश्न मग विचारतो. रावेर-यावल-चोपडा पट्ट्यात केळीच्या कामाला बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूरकडून बारेला-पावरा आदिवासी कुटुंबं येतात. माझ्याकडे सालदार आहे, त्याची तीन लेकरं शेतातच राहतात. नाव गावाकडच्या शाळेत मध्य प्रदेशात असेल. तिथल्या पटावर ती दाखल, माझ्या गावच्या पटावर नाहीत, आणि दिवसभर केळीच्या बागेत खेळतात. ही मुलं नेमकी कोणाच्या आकड्यात?

अनघा_धुळे

शाळेकडून आलेल्या आकड्यात ती मध्य प्रदेशात 'दाखल'. घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, पाहणी करणारा शेतापर्यंत पोचलाच, तर महाराष्ट्रात 'शाळाबाह्य'. आणि गावठाणातल्या घरांची यादी घेऊन फिरला तर कुठेच नाहीत. बांगलादेशातही हेच दिसतं. कौमी, म्हणजे सरकारी यंत्रणेबाहेरच्या, मदरशांतली मुलं सरकारी प्राथमिक पटात येत नाहीत, म्हणून तिथेही शाळेचा आकडा आणि घरोघरच्या पाहणीचा आकडा वेगळा पडतो. तुलना करताना दोन्हीकडे एकाच पद्धतीचा आकडा घ्या, एवढं पथ्य पाळलं तरी निम्म्या चुका टळतील.

रेखा_फैजपूर

आप्पांनी १५ किलो गव्हाचं लिहिलं आणि मला आपले तीन किलो तांदूळ आठवले. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा आपल्याकडे शिजवलेलं अन्न नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की तीन किलो तांदूळ मिळायचे. मी तेव्हा नुकतीच अंगणवाडी सेविका म्हणून लागले होते आणि शाळा आमच्या भिंतीला भिंत लावून होती. वाटपाच्या दिवशी आया पिशव्या घेऊन यायच्या. तीन किलोत एक मूल कापूस वेचणीतून परत येत नाही, हे मी तेव्हाही बघितलं. बांगलादेशनं पाचपट दिलं आणि तेही फक्त गरीब घरांना. आपण सगळ्यांना थोडं थोडं दिलं.

पुढे सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला शिजवलेलंच अन्न द्या असा आदेश दिला, मग खिचडी आली. खिचडीचा फायदा माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. तांदूळ घरी जायचा आणि घरात वाटला जायचा. खिचडी त्या मुलीच्याच पोटात जाते, आणि ज्या दिवशी ती येते त्याच दिवशी मिळते.

मुलींचा उपस्थिती भत्ता कुणाला आठवतो का? १९९२ पासून पहिली ते चौथीच्या गरीब घरातल्या मुलींना हजेरीच्या दिवसाला एक रुपया. सुरू झाला तेव्हा त्या रुपयाला किंमत होती, पेन्सिल-वही यायची. वर्षं गेली, महागाई वाढली, रुपया तोच राहिला. बांगलादेशानं मुलींसाठी १९९४ मध्ये ग्रामीण भागात माध्यमिक शाळेचा स्टायपेंड सुरू केला. अटी होत्या ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ठरावीक गुण आणि लग्न झालेलं नसणं. त्याचा परिणाम प्राथमिकवरही झाला, कारण पुढे पैसे मिळणार हे दिसलं की आई पोरीला पाचवीतून काढत नाही. तिथे आज प्राथमिकच्या पटावर मुली मुलांच्या बरोबरीनं, काही वर्षं तर पुढेच आहेत. बालविवाह मात्र तिथे अजून थांबलेले नाहीत, हेही लिहायला हवं, नाहीतर चित्र उगाच गोड होईल.

आप्पा_शिरपूर (धागाकर्ता)

रेखाताई, भत्त्याची आठवण बरोबर काढलीत. रक्कम महागाईशी बांधली नाही तर योजना कागदावर जिवंत राहते आणि घरात मरते. बांगलादेशचे १०० टाकाही वर्षानुवर्षं तेवढेच होते, त्यावर तिथेही टीका झाली.

वरती एक गोष्ट लिहायची राहिली, बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेच्या शाळांची. १९८५ मध्ये २२ शाळांपासून सुरुवात. एक खोली, तीसेक मुलं, त्यांत मुली जास्त, शिकवणारी त्याच गावची बाई. दिवसाला साधारण तीन तास, आणि वेळ ठरवायची ती पालकांना विचारून, भातकापणीच्या दिवसांत बदलून. शाळा सोडलेली किंवा कधीच न गेलेली मुलं घ्यायची आणि पाच इयत्तांचा अभ्यास चार वर्षांत पुरा करायचा. पुढे अशा शाळांची संख्या तीस हजारांच्या वर गेली. केंद्रप्रमुख म्हणून मी शाळा भेटीला जायचो तेव्हा साडेदहाची घंटा आणि पाचचं सुटणं हे पवित्र मानायचो, आमच्या यंत्रणेत दुसरं काही बसतच नव्हतं. कापूस वेचणीच्या महिन्यांत शाळा सात ते दहा भरवली असती तर किती मुलं राहिली असती, याचा प्रयोग आपल्याकडे व्हायला हवा.

बांगलादेशात पुराच्या भागात २००२ पासून नावेतल्या शाळाही चालतात, नाव मुलांना घाटावरून घेते आणि नावेतच वर्ग भरतो. आपल्याकडे सरदार सरोवराच्या पाण्यामुळे नर्मदाकाठच्या कितीतरी पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही. त्या खोऱ्यात नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळा नव्वदच्या दशकापासून उभ्या आहेत, मुलांच्या बोलीतून शिकवत. आंदोलनाबद्दल कुणाचं काहीही मत असो, जिथे कागदावर शाळा होती आणि मास्तर येत नव्हता तिथे मुलं अक्षरं शिकली, याचं मोल मला फार वाटतं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वात कमी. जळगाव ७८. एकाच खानदेशात १४ टक्क्यांची दरी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला म्हणून ती निदान दिसते तरी, धुळ्यात मिसळलेली होती तेव्हा सरासरीखाली झाकलेली होती.

भूषण_अमळनेर

तुलनेवरून आठवलं : आता गुजरातेत असलेलं सोनगढ तेव्हा बडोदे संस्थानात होतं, नवापूरला लागून. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात. नवापूरच्या पलीकडे सक्ती आणि अलीकडे इंग्रजी मुलखात काही नाही. या सीमेवरच्या गावांत त्याचा फरक पुढे राहिला का, यावर कुणी काम केलं असेल तर वाचायला आवडेल.

अनघा_धुळे

भूषण, विषय उत्तम आहे, वेगळा धागा काढा.

केळीबाग दादांनी सुरुवातीला दर्जाचा मुद्दा काढला होता, तोही या तुलनेत बसतो. केनियातली 'उवेझो' पाहणी आपल्या 'असर'वरूनच बेतलेली आहे, घरी जाऊन मुलाला उतारा वाचायला द्यायचा. तिथेही दिसलं की शाळेत जाणाऱ्या वरच्या इयत्तांतल्या कितीतरी मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. आपल्याकडे 'असर' २०२२ मध्ये तिसरीतली जेमतेम २० टक्के मुलं दुसरीचा उतारा वाचू शकली. पण दर्जा आणि हजेरी हे वेगळे प्रश्न आहेत असं मला वाटत नाही. चार महिने उसाच्या पडावावर असलेली मुलगी वाचायला शिकणार कधी? ती तिसरीत पोचते, कारण तिला नापास करत नाहीत आणि नाव कमी करत नाहीत. मग पाहणीत ती 'दाखल पण वाचता न येणारी' म्हणून निघते आणि दोष गुरुजींच्या माथी येतो.

सातपुडा_गुरुजी

ताई, अगदी माझ्या मनातलं लिहिलंत.

केळीबाग भाऊंच्या सालदाराच्या लेकरांसाठी कामाचं लिहितो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क आहे, राज्याबाहेरून आलं तरी. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही, ते कलम १४. तुम्ही लेकरांना घेऊन सरळ गावच्या मुख्याध्यापकांकडे जा, वयानुरूप वर्गात नाव घालायला सांगा. आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या मुलांना आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, त्यावर तो कोणत्या इयत्तेत आहे आणि काय शिकून झालंय हे असतं. महाराष्ट्रात ते चालतं. गुजरातेत गेल्यावर पंचाईत अशी की शाळा गुजराती माध्यमाची, मूल घरी पावरी बोलणारं, शाळेत मराठी शिकलेलं. चार महिन्यांसाठी तिसरी भाषा आणि वेगळी लिपी. म्हणून हंगामी वसतिगृह हाच मला जास्त खरा उपाय वाटतो : आई-बाप जातात, मूल गावातच राहतं, जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती बघते. मंजुरी आणि पैसे दिवाळीआधी आले तर. जानेवारीत आले तर गाव रिकामा झालेला असतो.

केळीबाग_रावेर

गुरुजी, सोमवारीच जातो शाळेत. थोरला आठ वर्षांचा असेल, धाकटी दोन्ही सहाच्या आतबाहेर. माझ्या शेजारच्या दोन मळ्यांतही अशी लेकरं आहेत, त्यांच्या मालकांशी आज बोललो. एक तयार आहे, दुसरा म्हणतो शाळा लांब पडते, चार किलोमीटर. वाहतूक भत्त्याची काही तरतूद आहे का?

सातपुडा_गुरुजी

शाळेपासून लांबच्या वस्तीसाठी असते, पण ती वस्ती मान्य यादीत लागते. शेतातलं घर यादीत येत नाही. मुख्याध्यापकांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र जाऊ द्या, सोबत मुलांची नावं आणि मळ्याचा गट नंबर द्या. तोवर तिन्ही मळे मिळून एक रिक्षा लावता येते का बघा.

अनघा_धुळे

एक विनंती. इथे जे शिक्षक आहेत त्यांनी आपापल्या शाळेचा ३० सप्टेंबरचा पट आणि १५ जानेवारीची प्रत्यक्ष हजेरी, एवढे दोनच आकडे शाळेचं नाव न लिहिता इथे द्यावेत. तालुका लिहिला तरी पुरे. आप्पांच्या पुतणीच्या प्रकल्पात केनियाचं सकल-निव्वळ आणि बांगलादेशचं पट-गळती आहे, शेजारी आपलं सप्टेंबर-जानेवारी येऊ द्या.

सातपुडा_गुरुजी

तालुका धडगाव, वस्तीशाळा, गेल्या वर्षीचं : ३० सप्टेंबर ४१, १५ जानेवारी १७.

रेखा_फैजपूर

तालुका यावल, आमच्या शेजारच्या शाळेतून विचारून घेतलं : ११२ आणि १०६. बाईंनी सांगितलं, कमी झालेल्या सहांपैकी चार मुली आहेत.

आप्पा_शिरपूर (धागाकर्ता)

दोन्ही आकडे लिहून घेतले. शिरपूर तालुक्यातले पाड्यांवरचे आमचे जुने सहकारी आहेत, त्यांना आज रात्री फोन करतो. आणखी कुणाकडे असतील तर टाकत राहा, पुतणीला प्रकल्प महिनाअखेर द्यायचा आहे.